सल्लागाराची पहिली वही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत भिलाई येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवात आम्ही आरतीचे तबक सांभाळीत उभे होतो, त्याच मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात व्याख्याता म्हणून उभे राहण्याचा योग यावा, हे आम्ही आमचे भाग्य समजतो. आमचे वडील १९५८ साली अमरावतीहून येथे आले. झोतभट्टी पेटण्यापूर्वीच्या धुळीचे वर्णन ते अखेरपर्यंत करीत असत. आम्ही मात्र पोलादाकडे न वळता व्यवस्थापन सल्लागाराच्या व्यवसायात शिरलो आणि उभा जन्म त्यातच काढला. हा व्यवसाय नेमका कोणता, हे वडिलांना आम्ही कधी नीट समजावू शकलो नाही. 'लोकांच्या कारखान्यांत जाऊन शहाणपण शिकवतो' असे ते शेजाऱ्यांना सांगत. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती, याचा निवाडा आम्हांला आजवर करता आलेला नाही.

आजचा विषय कार्यवाहांनी सुचविला, त्याला एक निमित्त घडले. आपल्याच एका सभासद दांपत्याच्या कन्येची एका मोठ्या सल्लागार संस्थेत निवड झाली आहे. घरात आनंद आहे. परंतु मातोश्रींच्या मनात शंका आहेत. त्यांनी आम्हांला दूरध्वनीवरून विचारले, "भाऊ, पोरगी तिथे करणार तरी काय? आणि तेवीस वर्षांच्या पोरीचा सल्ला घेणार कोण?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आज सविस्तर देऊ. दुसरा प्रश्न खरा अवघड आहे, आणि तो आम्हांलाही पहिल्या नोकरीत कुणीतरी विचारला असता तर फार बरे झाले असते.

सल्लागार ही चीज भिलाईला परकी नाही. ज्या दल्ली-राजहराच्या डोंगरांवर आपली भट्टी इतकी वर्षे जगली, त्यांची गोष्टच पाहा. १९०२ साली जमशेटजी टाटा न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स पेज पेरिन या सल्लागार अभियंत्याच्या कचेरीत गेले आणि हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढण्यासाठी त्याचे साहाय्य त्यांनी मागितले. पेरिनने आपला सहकारी वेल्ड यास इकडे पाठविले. वेल्ड आणि दोराबजी टाटा प्रथम कोठे फिरले असतील? आपल्या चांदा जिल्ह्यात! बैलगाडीचा प्रवास, पाण्याचे दुर्भिक्ष, डोक्यावर ऊन. एवढे करून वेल्डने निष्कर्ष काढला की, येथले लोहखनिज तुकड्यातुकड्यांत विखुरलेले आहे, त्याच्या भरवशावर कारखाना उभा राहणार नाही. मेहनताना देणाऱ्या धन्याला 'नाही' असे सांगणे, हा सल्लागाराच्या धंद्यातला पहिला आणि महागडा माल होय. वेल्ड तो देऊन परत निघालाही होता. दोराबजींनी त्यास थांबवून घेतले.

पुढला भाग आम्हांस त्याहून प्रिय आहे. नागपुरात एका बड्या अधिकाऱ्याची भेट व्हावयाची होती. वेळ होता म्हणून दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे मध्य प्रांताचा भूशास्त्रीय नकाशा टांगलेला होता आणि त्यात दुर्ग जिल्हा लोहखनिजाच्या गडद रंगाने रंगविलेला होता. त्यावरून ते दल्ली-राजहरापर्यंत पोहोचले. भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी या डोंगरांची नोंद पूर्वीच करून ठेवलेली होती. तो कारखाना इतर कारणांनी शेवटी साकचीला गेला, आणि या डोंगरांना १९५९ पर्यंत भिलाईच्या भट्टीची वाट पाहावी लागली, हा पुढचा इतिहास आपण जाणताच. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, न्यूयॉर्कहून माणूस आणला, आणि पत्ता भिंतीवर टांगलेला सापडला. आमच्या व्यवसायात हे नित्य घडते. उत्तर बहुधा घरातच असते. कुणाच्या तरी वहीत, कुणाच्या तरी तोंडी.

या व्यवसायाचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८८६ साली बोस्टनमध्ये आर्थर लिटल या रसायनशास्त्रज्ञाने व्यापाऱ्यांना पैसे घेऊन सल्ला देण्यास आरंभ केला. फ्रेडरिक टेलरने घड्याळ हाती घेऊन मजुरांच्या कामाचे मोजमाप केले आणि १९११ साली आपला 'शास्त्रीय व्यवस्थापना'चा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२६ मध्ये शिकागोत मॅकिन्झी नावाच्या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने काढलेली संस्था पुढे मार्विन बॉवर या वकिलाने घडविली. वकिलाप्रमाणे सल्लागारानेही अशिलाचे हित आपल्या मिळकतीच्या वर ठेवावे, असा त्याचा आग्रह असे. साठी गाठल्यावर त्याने आपले समभाग बाजारातील मोलाने न विकता केवळ पुस्तकी किमतीने संस्थेस परत केले. आपल्याकडे १९५८ साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद निघाली, १९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबाद येथील व्यवस्थापन संस्था आल्या, १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस स्थापन झाली. १९९१ नंतर परदेशी संस्थांनी मुंबई-दिल्लीत कचेऱ्या थाटल्या आणि पदवीधर तरुणांच्या स्वप्नांत या व्यवसायाने बँकेची आणि सरकारी नोकरीची जागा घेतली.

आता ती मुलगी करणार काय, ते पाहू. एखादी कंपनी प्रश्न घेऊन येते: आमचा खर्च का वाढला? या शहरात दुकान काढावे काय? दोन कारखाने एक करावेत काय? संस्था चार-पाच जणांची तुकडी नेमते आणि काही आठवड्यांची मुदत ठरते. तुकडीच्या डोक्यावर एक भागीदार असतो, त्याच्या हाताखाली व्यवस्थापक, आणि तळाशी नवशिका पदवीधर. त्यास कोठे अॅनालिस्ट म्हणतात, कोठे असोसिएट. तळाच्या या माणसाकडे प्रश्नाचा एक तुकडा येतो. त्यासाठी त्याने आकडे मिळवावयाचे, ते स्वच्छ करावयाचे (आकडे कधीच स्वच्छ येत नाहीत, एकाच मालाची तीन खात्यांत तीन नावे असतात), माणसांना भेटून विचारपूस करावयाची, हिशेबाची मांडणी करावयाची आणि शेवटी ती मोजक्या स्लाइडांत उतरवावयाची. रात्री अकरा वाजता व्यवस्थापक ती स्लाइड पाहतो आणि विचारतो, "मग काय?" या दोन शब्दांना आम्ही जितके घाबरलो, तितके वडिलांच्या छडीलाही घाबरलो नाही.

निवडीची परीक्षाही निराळी असते. तेथे पाठांतर चालत नाही. परीक्षक एखादे कोडे घालतो: दुर्ग स्थानकावर दिवसाकाठी चहाचे किती पेले खपत असतील? पुष्कळ मुले म्हणतात, समजा साठ गाड्या थांबतात, गाडीत हजार माणसे, दहांतला एक चहा घेतो. म्हणजे गाडीमागे शंभर, एकूण सहा हजार. उत्तर वाईट नाही. परंतु एका मुलीने आम्हांस उलट विचारले होते, "सर, गाडी थांबते किती वेळ?" समजा, दोन मिनिटे. फलाटावर चहावाले पाच. एका पेल्याला दहा सेकंद लागले तरी मिनिटाला सहा पेले. म्हणजे पाच जण मिळून दोन मिनिटांत साठच पेले देऊ शकतात, तहान शंभरांची असो की दोनशेंची! आकडा सहा हजारांवरून छत्तीसशेंवर आला. हे सारे 'समजा'च आहे. खरा आकडा आम्हांसही ठाऊक नाही, आणि परीक्षकाला त्याच्याशी कर्तव्यही नसते. ज्या मुलीला चहावाल्याचा हात दिसला, तिला आम्ही त्याच क्षणी निवडले.

पालकांना वाटते, इंग्रजी फर्डे हवे. बोलता यावे हे खरे. परंतु उच्चारांच्या ऐटीने कारखान्यात काही हाती लागत नाही. आपल्या मुलांपाशी एक भांडवल आहे, ज्याची त्यांना स्वतःलाच कल्पना नसते. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि छत्तीसगढी, शाळेत इंग्रजी, अशी ही मुले वाढली. कोणत्या दारात कोणती भाषा बोलावी, आणि बाहेरचे असून घरचे कसे व्हावे, हे त्यांना बाळपणापासून अवगत आहे. पुण्या-मुंबईच्या सहकाऱ्यांना जे पाच वर्षांत येत नसे, ते आम्हांस सेक्टरच्या मैदानावरच आले होते. (त्या सहकाऱ्यांचे मराठी आमच्याहून शुद्ध होते, हेही कबूल केले पाहिजे.)

लिहिण्याची रीत मात्र नव्याने शिकावी लागते. १९६३ साली मॅकिन्झीत दाखल झालेल्या बार्बरा मिंटो या विदुषीने ती शास्त्रशुद्ध बांधली: उत्तर आधी सांगा, मग त्याची कारणे, मग प्रत्येक कारणाखाली पुरावा. आम्हांस हे प्रथम उफराटे वाटले, कारण निबंधाचा शेवट शेवटीच येतो, असे गुरुजींनी शिकविलेले. पुढे एका शास्त्रीबुवांशी बोलताना ध्यानात आले की, आपल्या न्यायशास्त्रातील पंचावयवी वाक्यातही प्रतिज्ञा आधी आणि हेतू नंतर येतो. म्हणजे गोष्ट घरातलीच होती. आम्ही ती अमेरिकेहून मागविली, इतकेच.

कष्टांविषयी लपवाछपवी करणार नाही. सोमवारी पहाटेचे विमान, चार रात्री हॉटेलात, शुक्रवारी परत. सणाला घरी यावयाचे म्हटले तर नेमके त्याच दिवशी सादरीकरण. पुष्कळ संस्थांत दोन-तीन वर्षांनी वरच्या पायरीवर चढला नाहीत तर सभ्यपणे दार दाखविले जाते. ही नामुष्की नव्हे; अनेक जण त्यापूर्वीच आपण होऊन कंपन्यांत, सरकारी योजनांत वा स्वतःच्या उद्योगात जातात. तेव्हा मुलगी तीन वर्षांत नोकरी 'सोडून आली' तर मंडळाच्या हळदीकुंकवात कुजबुज करू नये, ही नम्र विनंती. २०२२ नंतर आणखी एक बदल झाला आहे. अहवालांचा सारांश काढणे, पहिला मसुदा रचणे, ही नवशिक्याची हमाली आता संगणकाची कृत्रिम बुद्धी काही क्षणांत करते. आमच्या काही मित्रांना यात व्यवसायाचा अंत दिसतो. आम्हांस तसे वाटत नाही. परंतु ज्या हमालीतून आम्ही शिकलो तीच गेली, तर नवी मुले शिकणार कशी, ही चिंता मात्र आहे.

आता दुसरा प्रश्न. तेवीस वर्षांच्या मुलीचा सल्ला घेतो कोण? घेतात, हेच त्यातले भय आहे.

१९८५ साली, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, आमची नेमणूक एका कारखान्याच्या सुट्या भागांच्या भांडारात झाली. भांडारात पैसा फार अडकला आहे, तो मोकळा करावयाचा, असे काम. आम्ही तीन महिने खातेवह्या उपसल्या आणि वर्षानुवर्षे न हललेल्या वस्तूंची यादी केली. स्टोअरबाबू निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. एके दुपारी त्यांनी आम्हांस एका लाकडी खोक्यापाशी नेले. आत ग्रीस फासलेला, कागदात गुंडाळलेला मोठ्या गिअरबॉक्सचा एक परदेशी पिनियन होता. सहा वर्षे तो जागचा हलला नव्हता. ते म्हणाले, "साहब, यह नहीं हिलता, इसी में सबकी भलाई है।" चालू पिनियन तुटला तर दुसरा मिळावयास महिने लागतात, हे त्यांनी समजावून सांगितले, आणि आम्ही ते वहीत लिहूनही घेतले.

अहवालात ते आले नाही. कारण सांगावयास आजही लाज वाटते. मोकळ्या होणाऱ्या रकमेची बेरीज एक कोटीच्या किंचित वर जात होती. तो पिनियन आणि त्याच्यासारखे पाच-सहा भाग वगळले की ती कोटीच्या खाली उतरे. 'एक कोटी' हा आकडा स्लाइडवर शोभून दिसत होता. आम्हांस कुणी तसे करावयास सांगितले नाही, आणि वरिष्ठांना ती नोंद ठाऊकही नव्हती. आम्ही केवळ वहीतले ते पान उलटले आणि पुढे गेलो.

सादरीकरणाचे कौतुक झाले. पिनियन मोडीत विकला गेला. सव्वा वर्षाने चालू पिनियनचे दात तुटले आणि परदेशाहून नवा येईपर्यंत नऊ आठवडे ते खाते बंद पडले. कायम कामगारांना पगार मिळाला. कंत्राटी मजुरांना मिळाला नाही. तोवर आम्ही दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या कामावर होतो. आम्हांस बातमी कळली ती एका आंतरदेशीय पत्राने. मोडीच्या यादीवर स्टोअरबाबूंची सही होती, म्हणून त्यांना 'कारणे दाखवा' नोटीस मिळाली होती. पत्रात राग नव्हता. मी आपल्याला जे सांगितले होते ते आपल्या वहीत लिहिलेले असेल, त्या पानाची नक्कल कृपया पाठवावी, एवढीच मागणी होती.

ते पत्र अकरा दिवस आमच्या खणात पडून होते. बाराव्या दिवशी ते आम्ही आमच्या वरिष्ठांपुढे ठेवले. ते फार रागावतील, अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी फक्त विचारले, "पान कोठे आहे?" वही पाहून झाल्यावर त्यांनी त्याच संध्याकाळी अशील कंपनीस पत्र लिहविले की, ही सूचना आमच्या प्रतिनिधीस वेळेवर मिळालेली होती, ती अहवालात न येणे हा सर्वस्वी आमचा दोष होय. सोबत पानाची नक्कल जोडली. असे पत्र लिहिल्याने पुढले काम जाईल, हे त्यांना ठाऊक होते, आणि ते गेलेही. नोटीस मागे घेतली गेली. स्टोअरबाबूंची रोखलेली वेतनवाढ मात्र, आमच्या माहितीप्रमाणे, निवृत्तीपर्यंत मिळाली नाही. आम्ही त्यांना भेटावयास गेलो, तेव्हा त्यांनी चहा मागविला आणि भिलाईची भट्टी कशी चालली आहे, याची चौकशी केली. पिनियनचा विषय त्यांनीही काढला नाही आणि आम्हांसही धीर झाला नाही.

याला एका कच्च्या पोराची चूक म्हणून कुणी सोडून देऊ नये, म्हणून अलीकडचे एक उदाहरण सांगतो. बॉवरच्या त्याच मॅकिन्झी संस्थेने अफूजन्य वेदनाशामकांची विक्री वाढविण्याबाबत औषध कंपन्यांना सल्ला दिला होता. अमेरिकेत त्या औषधांच्या व्यसनाने असंख्य घरे उद्ध्वस्त झाली. २०२१ साली संस्थेने तेथील राज्यांशी सुमारे ५७ कोटी डॉलरांची तडजोड केली, आणि २०२४ च्या अखेरीस तेथील न्यायखात्याशी आणखी ६५ कोटींची. भागीदारांची चर्चा वृत्तपत्रांत झाली. आमच्या मनात मात्र दुसरीच माणसे येतात: त्या सल्ल्याच्या आकृत्या कुणीतरी तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलांनीच रात्री जागून काढल्या असतील, आणि त्यांतल्या एखाद्याच्या वहीतही एखादे पान असेल.

म्हणून मातोश्रींना आमचे सांगणे एवढेच की, मुलीने पगाराचा आकडा विचारला तसे मुलाखत घेणाऱ्यांना आणखी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. तुमच्या संस्थेने शेवटचे 'नाही' कोणत्या अशिलाला सांगितले, नाव न घेता सांगा. आणि तळाच्या माणसाला भागीदाराचे चुकते असे वाटले, तर तो कोणापाशी जातो? उत्तर देताना समोरचा माणूस घड्याळाकडे पाहतो की मुलीकडे, एवढ्यावरून पुष्कळ कळते. हे प्रश्न विचारल्याने निवड रद्द झाली, असे आमच्या पाहण्यात एकदाही आले नाही.

आणि एक वही घ्यावी. संगणक असेल, भ्रमणध्वनी असेल, तरीही शिवलेली, पानांना क्रमांक घातलेली वही घ्यावी. फाडलेले पान अशा वहीत लपत नाही. आमची ती पहिली वही आज आम्ही सोबत आणली आहे. सदतिसाव्या पानावर स्टोअरबाबूंचे ते वाक्य आहे, खाली तारीख आहे, आणि कडेला ग्रीसचा डाग पडला आहे. चहाच्या वेळी ती येथे टेबलावर ठेवतो. त्या मुलीने आणि ज्यांना पाहावयाची असेल त्या सर्वांनी जरूर पाहावी.